अठरावा सोमवार

मी सिद्धेश्वराच्या नावावर सलग सोळा सोमवार खोटं बोलले आणि सतराव्या सोमवारी पकडले गेले. देव पावतो की नाही ते मला सांगता येणार नाही, पण तो चहाडी करत नाही एवढं नक्की. चहाडी केली ती देवळाबाहेरच्या बेलवालीनं, आणि तीही बिचारीनं नकळत.

आता मी वीस वर्षांची आहे आणि बरी आहे, म्हणजे बरी होत आलेय. घरी न सांगता अशा उपचारांना निघालेली एखादी मुलगी किंवा मुलगा हे वाचत असेल, तर वाटेत काय काय लागतं ते त्यांना आधी कळावं म्हणून लिहितेय. गोळ्यांची नावं आणि आजाराची व्याख्या यात सापडणार नाही. ते डॉक्टरांना विचारा, मला त्यातलं फार कळत नाही.

फुटलेली नळी

आमचं घर सोलापूरच्या भवानी पेठेत. खाली अप्पांचं शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे. बटणं, चेन, लेस, अस्तर, रिळं. वर आम्ही तिघं, अप्पा, अव्वा म्हणजे आई, आणि मी. आम्ही मूळचे कर्नाटकाला लागून असलेल्या दुधनीचे, त्यामुळे घरात बोलायचं मराठीत, आणि राग किंवा माया हाताबाहेर गेली की कन्नडमध्ये.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चालू असताना अचानक माझे हात बधिर झाले. छाती इतकी धडधडायला लागली की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटलं. हातातली काचेची नळी फरशीवर पडून फुटली. मी आता मरणार अशी माझी खात्री झाली होती, आणि शेजारच्या मुली शांतपणे आकडे लिहून घेत होत्या. त्या क्षणी मला मरणापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

अप्पांनी गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कार्डिओग्राम काढला, "हार्ट एकदम टकाटक हाय की," म्हणाले आणि ताकदीचं इंजेक्शन दिलं. त्याच संध्याकाळी लेस घ्यायला आलेल्या एका बाईनं मला काउंटरवरच विचारलं, "काय गं, छातीत दुखाय लागलं म्हणं?" आमच्या गल्लीत गुपित म्हणजे हळू आवाजात सांगितलेली बातमी. त्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचं नाही हे मी तिथंच ठरवलं.

धडधड परत परत यायला लागली. पण तिच्यापेक्षा वाईट ते दोन धडधडींच्या मधले दिवस. जेवणाला चव नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, अजून एक दिवस. अव्वा भाकरी थापताना मी शेजारी बसायचे, ती बोलायची, मी हसायच्या जागी हसायचे. माणसं समोर असताना एकटं वाटणं फार वाईट असतं, कारण तक्रार करायला जागा राहत नाही.

कमळाआत्या

मग घरी का सांगितलं नाहीस, असं मला नंतर बऱ्याच जणींनी विचारलं. त्याचं उत्तर कमळाआत्या.

ती अप्पांची चुलतबहीण, दुधनीचीच. मी तिला एकदाच पाहिलं होतं, लहानपणी. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. ती वारल्यावरही आमच्या घरात तिचं नाव निघालं की अव्वा तेच एक वाक्य बोलायची, "कमळीचं डोकं फिरलं आन तिच्या दोन भनींची लग्नं रखडली." आत्याला काय होत होतं, तिला कसं वाटत होतं, हे त्या वाक्यात कधीच नव्हतं. मी घरातली एकुलती एक मुलगी. रखडायला दुसरी बहीणही नव्हती, म्हणजे सगळं माझ्याच वाट्याला.

सोबत कोण?

कॉलेजच्या मुलींच्या खोलीत आरशाच्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. एका ट्रस्टच्या दवाखान्यात तरुण मुलामुलींसाठी समुपदेशन, दर सोमवारी सकाळी. त्याखाली लिहिलं होतं, 'गुप्तता पाळली जाईल'. मी तो कागद तीन आठवडे केस विंचरताना वाचला. चौथ्या आठवड्यात गेले.

खिडकीतल्या माणसानं केसपेपरवर नाव लिहिलं, वय लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "सोबत कोण?"

"एकटीच."

"पेशंटबरोबर कोण आलंय म्हणतो."

"पेशंट मीच आहे. एकटीच आलेय."

त्यानं मान वर केली आणि त्या रकान्यात आडवी रेघ मारली. दर सोमवारी तो हे विचारायचा आणि दर सोमवारी रेघ मारायचा. बाकड्यावर सगळे कुणाबरोबर तरी आलेले असायचे. कुणाची आई, कुणाचा नवरा, पाण्याची बाटली धरून बसलेला कुणाचा भाऊ. मी ओढणी तोंडावर घेऊन मोबाइलमध्ये बघत बसायचे. मोबाइलमध्ये काही नसायचं.

आत मॅडम होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी बसल्या बसल्या म्हणाले, "घरी कळणार नाही ना?"

"तू एकोणीस पूर्ण. तू सांगितल्याशिवाय मी घरी कळवणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर गप्प बसणार नाही. आणि ते सुद्धा आधी तुला सांगून. चालेल?"

मी हो म्हणाले आणि रडायला लागले. त्या दिवशी बाकी काहीच झालं नाही. त्यांनी पंखा वाढवला आणि थांबल्या. आजपर्यंत मी रडताना 'रडू नको' न म्हणणारं ते पहिलं माणूस.

व्रत

आता खोटं कसं सुरू झालं ते सांगते.

माझं कॉलेज एक वाजता. दुसऱ्या सोमवारी मी नऊलाच निघाले, तर अव्वानं जिन्यात अडवलं. "आज इतक्या लवकर कुटं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सिद्धेश्वरला."

"गेल्या सोमवारी पण?"

"हो."

अव्वाचं तोंड उजळलं. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "सोळा सोमवार धरलास की गं! मला सांगायचं न्हाय व्हय?"

सोळा सोमवार मुली कशासाठी करतात हे सोलापुरात शाळकरी पोरीलाही माहीत असतं. चांगला नवरा मिळावा म्हणून. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण मग दुसरं काय सांगणार होते? मी लाजल्यासारखं केलं. त्याच संध्याकाळी अव्वानं दुधनीच्या मावशीला फोन लावून सांगितलं, पोरीनं आपणहून व्रत धरलंय, तुमी स्थळं बघाय लागा.

तर अशी मी मानसोपचाराला जायला लागले आणि घरात माझ्या लग्नाची तयारी सुरू झाली.

देवाला फसवतोय याची टोचणी होतीच. म्हणून मी उपास मात्र खरे केले. सोमवारी दिवसभर पोटात काही नाही, संध्याकाळी पूजा झाल्यावर बिनमिठाचं एकदाच जेवण. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे देऊळ खोटं आणि उपास खरा?" आणि हसल्या. मीही हसले. कितीतरी महिन्यांनी खरं हसू आलं आणि गाल दुखले.

मग त्या गंभीर झाल्या. मधेच एकदा त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. "सकाळच्या जेवणानंतर घ्यायच्यात त्या," त्या म्हणाल्या. "उपास नको करूस." मी मान डोलावली, आणि ऐकलं नाही.

खरं सांगायचं तर उपासाची मला सोय झाली होती. इतर दिवशी ताटात भाकरी उरली तर अव्वा विचारायची. सोमवारी कुणी विचारायचं नाही. उलट माझ्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघून ती शेजारणीला म्हणायची, "व्रताचं तेज आलंय बघा." माझा आजार घरात सगळ्यांसमोर बसला होता आणि त्याला हळदकुंकू लावलं जात होतं.

बटणांची डबी

गोळ्या मी बटणांच्या डबीत ठेवायचे. आमच्या घरात बटणांच्या डब्या कुठेही सापडतात, कुणी उघडून बघत नाही. दवाखान्याचा नंबर मोबाइलमध्ये 'लायब्ररी' नावानं होता. 'लायब्ररीचा मेसेज आलाय बघ,' असं अप्पा एकदा कौतुकानं म्हणाले. खोटं एकदा बोललं की त्याला वाढवून जेवायला घालावं लागतं. देवळाच्या दारात डाव्या हाताला बसणाऱ्या मावशीकडून मी बेल घेते, तीच मला ताजी पानं निवडून देते, असंही मी अव्वाला सांगून ठेवलं होतं.

सातव्या सोमवारी बाकड्यावर आमच्या गल्लीतले शिंपीकाका बसले होते. अप्पांचं रोजचं गिऱ्हाईक. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना. दोघांनीही एकाच वेळी भिंतीवरच्या पाण्याच्या नळाकडे बघायला सुरुवात केली.

पुढचे चार दिवस मी मेल्यासारखी होते. पाचव्या दिवशी ते दुकानात आले. अप्पा जेवायला वर गेलेले, काउंटरवर मी. काका म्हणाले, "काजाचं रेशीम द्या. निळं." मी दिलं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं, पिशवीत टाकलं आणि गेले. एवढंच.

त्यानंतर दर सोमवारी ते माझ्याआधी आलेले असायचे. मी आले की पंख्याखालची जागा सोडून टोकाला सरकायचे. आम्ही एकमेकांशी तिथं एक शब्दही बोललो नाही, त्यांना काय झालंय ते मला अजून माहीत नाही. पण त्या बाकड्यावर मला ओळखणारं कुणीतरी आहे, आणि ते गप्प आहे, याचा मला केवढा आधार झाला ते सांगता येत नाही.

हळूहळू फरक पडत होता. एका रात्रीत नाही. धडधड आली तर ती जाते, हे अंगाला कळायला लागलं. एकदा अव्वानं केलेल्या आमटीला खमंग वास आला आणि मी ताटावरच थांबले, कारण मला वास आला होता. हे कुणाला सांगावं असं फार वाटलं. सांगायला कुणी नव्हतं. वाईट बातमी एकटीनं पचवता येते, चांगली बातमी मात्र एकटीला जड जाते.

मॅडम म्हणायच्या, "अव्वाला कधी सांगायचं ते तू ठरव. पण वाक्य तयार करून ठेव." आम्ही ते वाक्य तयार केलं. 'अव्वा, मला बरेच दिवस आतून त्रास होतोय, आणि मी त्यावर औषध घेतेय.' मी ते पाठ केलं आणि ठेवून दिलं.

बेल

सतराव्या सोमवारी उद्यापन. म्हणजे व्रताची सांगता. कणीक, तूप आणि गुळाचा चुरमा करून देवळात न्यायचा, देवाला दाखवायचा आणि वाटायचा. अव्वा पहाटेपासून चुरमा मळत होती. दुधनीची मावशी आदल्या दिवशीच आली होती, पर्समध्ये एका मुलाचा फोटो घेऊन. "उद्यापन झालं की मंगळवारी बघाय येत्यात," ती म्हणाली.

अव्वा माझ्याबरोबर देवळात आली. तिच्या हातात तो मोठा डबा. दारात डाव्या हाताला खरंच एक बाई बेल विकत बसली होती. अव्वा तिच्याकडे ओळखीचं हसली.

"ही माजी लेक. सोळा सोमवार तुमच्याकडनंच बेल घेतलाय बघा तिनं."

बाईनं माझ्याकडे नीट बघितलं. "माज्याकडनं? न्हाय बाई. ही पोरगी कदी दिसली न्हाय. सोमवारच्या समद्या पोरी म्हाईत हायत की मला."

अव्वानं बेल घेतला. चार पावलं चालली आणि पायरीवर बसली. डबा मांडीवर.

"यार अंव?" ती म्हणाली. कोण आहे तो? कन्नडमध्ये विचारलं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

"कोणी नाही अव्वा. मुलगा नाही."

"मग सोळा सोमवार कुटं जात हुतीस?"

"दवाखान्यात."

अव्वाची नजर माझ्या तोंडावरून खाली सरकली आणि पोटावर थांबली. तिचे ओठ पांढरे पडले. "कितवा?" ती म्हणाली.

मला कळायलाच वेळ लागला. आणि कळल्यावर, देवाशपथ, मला हसू फुटलं. "तसलं काही नाही गं. डोक्याच्या दवाखान्यात." पाठ केलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठे.

लोक आमच्या बाजूनं चढत होते, उतरत होते.

"कमळीसारकं?"

"माहीत नाही. कमळाआत्याला कुणी दवाखान्यात नेलंच नव्हतं ना."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तूच म्हणायचीस ना, तिच्यामुळं बहिणींची लग्नं रखडली."

अव्वानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती आता ओरडेल, किंवा मला मांडीवर घेईल. यातलं काहीच झालं नाही. पदर खाली करून तिनं विचारलं, "उपास तरी केलेस का?"

"उपास खरे केले."

"गोळ्या दिल्यात?"

"हो."

"त्या कशा घ्यायच्या?"

"सकाळचं जेवण झाल्यावर."

तिनं मनात हिशोब केला असावा. "मंजे सोळा सोमवार," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "उपाशी पोटी गोळ्या गिळल्यास? आन मी घरात बसून व्रताचं तेज बघत हुते?" तिला राग आला तो याचा. देवाचं, खोट्याचं, माझ्या डोक्याचं तिनं काहीच काढलं नाही.

"तू हितंच बस," म्हणाली आणि डबा घेऊन एकटी आत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा डबा रिकामा होता. देवापुढे ती काय बोलली ते मी अजून विचारलेलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून

रिक्षानं घरी आलो. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मावशीनं हात पुढे केला, "आना परसाद."

"कसला परसाद," अव्वा म्हणाली. "देवळाच्या पायरीवरच हिला अडचण आली. समदा चुरमा गाईला घातला. व्रत मोडलं."

"आगं बया! मग आता?"

"आता काय. पुन्ना पयल्यापास्नं सोळा. तवर त्या पोराला थांबा म्हणावं, न्हायतर दुसरी बघा म्हणावं."

मावशी हळहळली. अप्पांनी वर्तमानपत्रातून मान वर केली, "देवाची मर्जी," म्हणाले आणि परत खाली घातली. माझी अव्वा सोमवारी देवपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाही. ती देवाच्या नावावर इतकं सफाईनं खोटं बोलली आणि पोळपाट धुवायला घेतला.

वाटलं होतं, आता आम्ही दोघी मिळून रडू, ती सगळं विचारेल, मी सगळं सांगेन. तसं झालं नाही. आठवडाभर ती त्या विषयावर अवाक्षर बोलली नाही. माझ्याकडे बघायची, मी बघितलं की नजर काढून घ्यायची. मला आधीपेक्षाही एकटं वाटलं. तेव्हा तिला माहीत नव्हतं, आता माहीत असून ती लांब होती. मॅडमना मेसेज केला, 'अव्वाला कळलं. काहीच बोलत नाही.' त्यांनी उत्तर दिलं, 'तुला सांगायला सोळा आठवडे लागले. तिला एक तरी दे.'

पुढचा सोमवार आला. कुठल्याच व्रतात अठरावा सोमवार नसतो. मी नऊला आवरून जिन्याकडे निघाले. अप्पा खाली शटर उघडत होते. अव्वानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाली डोकावलं, ते दुकानात गेल्याची खात्री केली आणि मला आत बोलावलं. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं होतं. गरम भाकरी, दही आणि भरपूर शेंगाचटणी. शेजारी बटणांची डबी. ती तिनं कधी शोधून काढली होती देव जाणे.

"उंडु होगु," ती म्हणाली. जेवून जा.

मी जेवले. ती दाराकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे कुणी वर आलं तर ताट दिसू नये. सोमवारी मीठ खायची सवय मोडली होती, जीभ चरचरली. तिनं डबीतली गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि पाणी दिलं. दवाखान्यात येते का, हे मी विचारलं नाही आणि ती म्हणालीही नाही.

पंख्याखालची जागा शिंपीकाकांनी सोडून ठेवली होती. मी आधी खिडकीपाशी गेले.

"सोबत कोण?"

"एकटीच," मी म्हणाले. जिभेवर अजून चटणीचं मीठ होतं.